डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती: शॉर्ट फिल्म करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

आमच्या मीडिया कोर्समध्ये शेवटच्या सत्रात प्रत्येक गटाला एक शॉर्ट फिल्म द्यावी लागते. श्रेयनामावलीसकट सहा मिनिटं, सबटायटल्स सक्तीची. आमची फिल्म होती बडोद्यातल्या दांडिया बाजाराजवळच्या एका पेटीवाल्या काकांवर. जुन्या हार्मोनियम दुरुस्त करतात, सूर लावून देतात. ही फिल्म आम्ही पहिल्या कटापासून शेवटच्या फाइलपर्यंत डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर केली. खालच्या वर्गातली मुलं "कशावर एडिट केलंत?" असं सारखं विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: घ्याच. पण सगळे सांगतात तसं कलरसाठी नव्हे, आवाजासाठी घ्या.

रिझॉल्व्ह जन्मलं ते रंगाचं यंत्र म्हणूनच. अमेरिकेतली डाविंची सिस्टिम्स ते बनवायची आणि ते फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडायचं. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ साली ती कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये फुकट आवृत्ती काढली. फेअरलाइट ही आवाजाच्या क्षेत्रातली जुनी ऑस्ट्रेलियन कंपनी त्यांनी २०१६ मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी, आवृत्ती १४ मध्ये, तिचं अख्खं काम रिझॉल्व्हच्या आत आणून बसवलं. हा इतिहास सांगण्याचं कारण असं की सॉफ्टवेअर उघडल्यावर खाली जी पानं दिसतात (मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर) ती मुळात वेगवेगळ्या दुकानांची कामं आहेत. विद्यार्थ्याला ती एकाच छताखाली, पैसे न देता मिळतात. फाइल एका सॉफ्टवेअरमधून काढा, दुसऱ्यात घाला, तिथे आवाज सरकला की परत या, ही कटकट राहत नाही.

फुकटात काय मिळत नाही ते नीट समजून घ्या. ३८४० × २१६० पेक्षा मोठं चित्र आणि सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम निघत नाहीत. अंधारातल्या चित्रातली रवाळ खळबळ काढणारं नॉइज रिडक्शन पैसे भरलेल्यांनाच मिळतं. बोलणं आपोआप लिहून देणारं ट्रान्सक्रिप्शन आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढणारं व्हॉइस आयसोलेशन हेही तसंच. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला, तीही एकदाच भरायची, दरमहा नाही. सहा मिनिटांच्या फिल्मसाठी तिची गरज नाही. वॉटरमार्क येत नाही. मात्र स्टुडिओमधला एखादा इफेक्ट लावून बघितलात तर त्या शॉटवर येतो. तो इफेक्ट काढला की जातो.

आता मशीनचं. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर जगतं. १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर काम नीट होतं. ८ जीबीच्या, कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर त्याच्या वाटेला जाऊ नका. मोबाइलचं एच.२६५ फुटेज छोटं दिसतं, पण उलगडायला जड असतं. म्हणून फुटेज आत घेतल्याबरोबर सगळ्या क्लिप निवडून प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवायला लावा आणि जेवायला जा. परत याल तेव्हा टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची जागा) सुरळीत चालत असेल.

शूटिंगआधीच्या दोन गोष्टी रिझॉल्व्हशी जोडलेल्या आहेत. एक, फ्रेम रेट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं तर चित्रात पट्टे सरकत नाहीत. रिझॉल्व्हमध्येही प्रोजेक्ट उघडल्याबरोबर, एकही क्लिप टाइमलाइनवर घेण्याआधी, २५ लावा. एकदा फुटेज बसलं की त्या प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. दोन, मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात फ्रेमची गती जागेवर राहत नाही, थोडी मागेपुढे होते. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज मग लांब टेकमध्ये हळूहळू ओठांपासून सुटतो. त्यावर उपाय म्हणजे हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फुटेज स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्यायचं. नाहीतर पहिल्यापासूनच ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप वापरायचं. त्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने लावता येतं.

एडिटचं पान इतर सॉफ्टवेअर वापरलेल्याला दुपारभरात कळतं, त्यावर फार लिहीत नाही. पण फिल्म घासूनपुसून घ्यायची असेल तर तिथल्या दोन सोयी लाखमोलाच्या आहेत. नव्या कटाला हात लावण्याआधी टाइमलाइनची प्रत काढता येते, त्यामुळे जुना कट जसाच्या तसा राहतो आणि मनात भीती न ठेवता काटछाट करता येते. दुसरी सोय मार्करची. मॅडमनी कट बघताना जे जे सांगितलं ते आम्ही त्या त्या फ्रेमवरच रंगीत मार्कर टाकून लिहिलं. लाल म्हणजे काढा, निळा म्हणजे आवाज, हिरवा म्हणजे तपासून बघा. घरी येऊन नुसत्या आठवणीवर भांडत बसावं लागलं नाही. आमचा पहिला कट अकरा मिनिटांचा होता. त्यात राजवाडा होता, सूरसागर होता, १८८६ मध्ये सुरू झालेल्या बडोद्याच्या संगीतशाळेची माहिती सांगणारं माझं निवेदनही होतं. मॅडमचा पहिलाच लाल मार्कर त्या निवेदनावर पडला आणि तो योग्यच होता. काका स्वतः इतकं छान बोलतात, गिऱ्हाइकाशी गुजरातीत आणि घरच्यांशी मराठीत, की मध्ये तिसऱ्या कुणी बोलायची गरजच नव्हती.

आता आवाज. माझ्यासाठी या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथे आहे.

फिल्मचा गाभा म्हणजे काका एक सूर लावतात तो प्रसंग. पितळेची रीड काढतात. आपल्या गुजरातेतलं पालीताणा या रीडसाठी नावाजलेलं आहे. मग बारीक कानस फिरवतात. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. रीड परत बसवतात, भाता मारतात, शेजारच्या लावलेल्या सुरासोबत वाजवून ऐकतात. दोन सूर अगदी जवळ असले तरी नेमके जुळलेले नसतात तेव्हा आवाजात लहर उठते, वाँव-वाँव-वाँव. काका घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात, आणि दर वेळी ती लहर मंद होत जाते. शेवटी थांबते. सूर लागला. हे डोळ्यांना दिसतच नाही, फक्त कानांना कळतं. आणि पहिल्या कटात ते कुणालाच कळलं नव्हतं, कारण खाली पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या स्कूटरी आणि बोलण्याचा आवाज सगळं एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेलं होतं.

फेअरलाइटच्या पानावर आम्ही आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक केले: काकांचं बोलणं, पेटी, दुकानातला रिकामा आवाज, रस्ता. प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा सहा पट्ट्यांचा इक्वलायझर (आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार दाबून सारखा करणारा) आहे. बोलण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, थोडा कॉम्प्रेसर लावला, आणि काका एकदम समोर बसून बोलतायत असं वाटायला लागलं. तीच कात्री पेटीवर चालवायची नाही. पेटीच्या खर्जाच्या रीड ६५ हर्ट्झच्या आसपास उतरतात. तिथे कापलं की पेटीचं अंगच जातं. कॉम्प्रेसरही नको, कारण लहर म्हणजे आवाजाचं लहानमोठं होणं आणि कॉम्प्रेसर नेमकं तेच दाबून टाकतो. म्हणून पेटीचा ट्रॅक जवळजवळ हात न लावता ठेवला आणि त्या ऐवजी बाकीच्या ट्रॅकवर मेहनत केली. सूर लावायच्या प्रसंगासाठी तर पंखा बंद करून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. वैशाखातलं बडोदं आणि पंखा बंद! काकांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, उलट म्हणाले, "बरंय, मलाही नीट ऐकू येतंय."

दुकानातला रिकामा आवाज, म्हणजे कुणी बोलत नसताना, काही वाजत नसताना घेतलेलं अर्धं मिनिट, प्रत्येकाने रेकॉर्ड करावंच. वाक्यातला एखादा शब्द कापला की तिथे जी ठार शांतता पडते ती कानाला खटकते. तिथे हा तुकडा अंथरला की काप कळतच नाही. फेअरलाइटमध्ये तो लांबवणं, दोन टोकांना हलकेच मिसळणं हे मिनिटभराचं काम आहे.

मग चित्र आणि आवाज एकमेकांपासून सोडवले. कानशीचा आवाज हाताच्या शॉटवर सुरू होतो आणि चित्र काकांच्या चेहऱ्यावर गेलं तरी चालूच राहतो. लहर थांबते ती त्यांच्या डोळ्यांवर. एडिटमध्ये कापायचं, फेअरलाइटमध्ये ऐकायचं, पुन्हा एडिटमध्ये येऊन चार फ्रेम सरकवायच्या, अशी ये-जा एका क्लिकवर होते म्हणूनच इतकं बारीक काम होऊ शकलं. दोन वेगळी सॉफ्टवेअर असती तर आम्ही तिसऱ्याच फेरीला कंटाळलो असतो.

सगळ्यात कडक परीक्षक घरातच निघाली. आजी भजनी मंडळात पेटी वाजवते. तिला कट दाखवला तर चष्मा वर सरकवून म्हणाली, "बोट पांढरी एकवर आणि ऐकू येते काळी एक. असं कसं गं?" चित्र एका टेकचं, आवाज जास्त स्वच्छ असलेल्या दुसऱ्या टेकचा, हे डॉक्युमेंटरीत सर्रास चालतं आणि वर्गात कुणालाही ते जाणवलं नव्हतं. पण पेटीवरची फिल्म पेटी वाजवणाऱ्याला खोटी वाटून कसं चालेल? रेकॉर्डरवरच्या सगळ्या टेकमधून पांढरी एकचा आवाज शोधून तिथे बसवला. विषय ज्यांचा रोजचा आहे अशा एका तरी माणसाला कट दाखवाच, मग ते माझ्या आजीसारखे घरचे असोत की दुकानातले.

कलरबद्दल थोडक्यात. दुकानात एका बाजूने दाराचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने ट्यूबलाइट, त्यामुळे काकांचा एक गाल हिरवट. त्या गालाभोवती विंडो (तेवढाच भाग निवडणारी चौकट) काढली, ती गालासोबत सरकावी म्हणून ट्रॅकर लावला (दोन्ही फुकटात आहेत) आणि हिरवा कमी केला. वेक्टरस्कोपवर (चित्रातले रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचेच्या रंगाची रेषा असते, ती बघून काम करा. लॅपटॉपच्या पडद्यावर विसंबू नका. तयार "सिनेमॅटिक" लूक मात्र लावू नका. निळसर सावल्या आणि नारिंगी चेहरे लावले की बडोद्यातलं दुकान कुठलंच राहत नाही. फ्यूजनचं, म्हणजे इफेक्ट आणि ग्राफिक्सचं, पान आम्ही उघडलंही नाही, साध्या श्रेयनामावलीला ते लागत नाही.

सबटायटल्ससाठी वेगळा ट्रॅक मिळतो आणि त्यातून एसआरटी (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली) फाइल काढता येते. एकेक ओळ हाताने टाइप करावी लागते, वेळ जातो, पण भाषांतराचा विचारही त्यात नीट होतो. नावांसाठी आम्ही मुक्ता फाँट वापरला. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फाँट फुकट आहे आणि मुक्ता वाणी हे त्याचंच गुजराती भावंड आहे, त्यामुळे काकांच्या दुकानाचं नाव मराठीत आणि गुजरातीत एकाच वळणाचं दिसलं. आमच्यासारख्या दुभाषी गावातल्या फिल्मला ही मोठीच सोय आहे.

शेवटचा आवाज किती मोठा ठेवायचा यासाठी फेअरलाइटमध्ये लाउडनेस मीटर आहे. यूट्यूब जास्त मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणतं, तर टीव्हीचं युरोपीय मानक उणे २३ आहे. नेटवर टाकायची फिल्म असेल तर उणे १४ च्या जवळपास राहा, पण सूर लावायच्या प्रसंगासारखी शांत जागा असेल तर ती शांतच राहू द्या. सगळंच वर ओढू नका.

ज्यांना उद्या सकाळी रील टाकायचं आहे, त्यांनी मोबाइलवरचंच एखादं ॲप वापरावं. रिझॉल्व्ह त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्याकडे एक सत्र आहे, एक माणूस आहे, आणि त्या माणसाचं ऐकायची तयारी आहे, त्यांनी आजच उतरवून घ्यावं. एकच काळजी घ्या. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट साध्या फाइलसारखा फोल्डरमध्ये पडलेला नसतो, तो त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो. रोज काम संपल्यावर प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात फुटेज येत नाही, म्हणून फुटेजचा फोल्डर एका बाहेरच्या एसएसडीवर असू द्या. नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, तेव्हा गटातल्या सगळ्यांच्या आणि लॅबच्या मशीनवर एकच आवृत्ती ठेवा, आणि सबमिशन होईपर्यंत अपडेटच्या बटणाला हात लावू नका.