२१ दिवसांचं ‘पोट साफ’ खोकं : एका कंडक्टरचा हिशेब

सोलापूर-पुणे गाडीवर १९ वर्षं कंडक्टर आहे. पोट १५ वर्षांपासून बिघडलेलं. लेकीला माझ्या ढेकरांचा कंटाळा आला आणि तिने मे महिन्यात ऑनलाइन एक खोकं मागवलं. २१ दिवसांचा ‘गट रिसेट’ (गट म्हणजे इंग्रजीत आतडं), किंमत २९९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी डझनभर खोकी मिळतात आणि आतला माल उन्नीस-बीस तोच.

खोकं देखणं आहे, त्यात वाद नाही. आत सकाळी घ्यायच्या भुकटीच्या २१ पुड्या, रात्रीच्या चहाच्या २१ पुड्या, कॅप्सूलची बाटली आणि एक माहितीपत्रक. ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर फेकते’ हे वाक्य त्यात सहा ठिकाणी आहे, पण त्यातल्या एकाही विषाचं नाव दिलेलं नाही. रक्तातली घाण काढायला लिव्हर आणि किडनी आहेत, त्या पगार न घेता ड्युटी करतात. माझ्या पोटात जाणारं खरं विष खिशातल्या तंबाखूच्या पुडीत होतं, त्याबद्दल पत्रकात चकार शब्द नाही.

भुकटी म्हणजे इसबगोल, संत्र्याचा वास लावलेला. पुडी ६ ग्रॅमची, म्हणजे सगळी मिळून १२६ ग्रॅम. मेडिकलमध्ये एवढं इसबगोल दोन-अडीचशेत येतं. वर बारीक अक्षरात ‘भरपूर पाण्यासोबत’. आता कंडक्टर भरपूर पाणी पितो कुठे? मोहोळला प्यालं तर भिगवणपर्यंत कोण थांबणार! आम्ही घोट-घोट पिऊन दिवस काढतो. इसबगोल पाणी धरून फुगतं, पाणीच नसलं तर आत लगदा होऊन बसतं. चार दिवसांत माझं पोट साफ व्हायचं सोडून गच्च झालं.

म्हणून पाचव्या रात्री तोवर बाजूला ठेवलेला चहा जरा कडक करून घेतला, पुडी दहा मिनिटं गरम पाण्यात. सकाळी सहाची गाडी. टेंभुर्णी सोडली आणि पोटात कळ उठली. इंदापूरच्या अलीकडे ड्रायव्हरला म्हणालो, “दादा, ढाबा दिसला की घ्या बाजूला.” पुढच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, “अहो कंडक्टर, आम्हाला थांबा म्हटलं की थांबत नाही ना तुम्ही!” घरी येऊन चष्मा लावून पुडी वाचली. तिसऱ्या ओळीत सोनामुखी. म्हणजे साधं जुलाबाचं औषध. सोनामुखी सलग आठवड्याच्या वर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, इथं २१ रात्री द्यायचा बेत आहे. आपण जड होतो ते हलके झालो, पाणी गेलं म्हणून. आणि माणूस समजतो विष गेलं.

कॅप्सूलमध्ये म्हणे पोटाला उपयोगी जिवंत जंतू, ‘२५ अंशांखाली ठेवा’. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ आणि खोकं तीन दिवस कुरिअरच्या गाडीत. किती जिवंत राहिले असतील, त्यांनाच ठाऊक. घरच्या ताकात ताजे जंतू असतात आणि त्याला खोकं लागत नाही.

मग या खोक्याला मी पाचपैकी तीन तारे कशाला दिले? एका फोनसाठी. पॅकेजमध्ये आहारतज्ज्ञाचे दोन फोन असतात. पहिल्याच फोनला त्या मुलीने गोळ्यांचं काही विचारलं नाही. “काका, जेवता किती वाजता?” मी गप्प. खरं उत्तर ‘गाडी पोचेल तेव्हा’. मग म्हणाली, “वेबिल जुळत नाही त्या दिवशी पोट जास्त दुखतं का?” वेबिल म्हणजे आमचा तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब. हे हिला कसं कळलं! मेंदूपासून पोटापर्यंत एक मज्जातंतू जातो, व्हेगस, आणि त्यावरून निरोप दोन्हीकडे जातात, असं तिने समजावलं. १५ वर्षं मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात होतो आणि सुट्ट्या पैशांची भांडणं पोटात साठवत होतो.

तिने डब्याचा हिशेब घातला. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, लागतात. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० असतात, म्हणजे दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत १५ झाले, वर पालेभाजी, हुलग्याचे शेंगोळे किंवा मटकी. इसबगोलच्या एका पुडीत जेमतेम ५. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दाराशी येते आणि मी स्टँडवर वडापाव खात होतो. आता भाकरी, शेंगाचटणी आणि बाटलीत ताक. पाण्यासाठी इंदापूर आणि पाटस अशा दोन जागा ठरवल्यात. ढेकर कमी आहेत. तंबाखू अजून सुटलेली नाही, अर्ध्यावर आहे.

कंपनीकडून ‘दुसऱ्या टप्प्यावर २० टक्के सूट’ असा मेसेज रोज येतो. चहाच्या २० पुड्या उरल्यात. ड्रायव्हरने परवा मागितल्या. म्हटलं, देतो, पण ज्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असेल त्याच्या आदल्या रात्रीच.