उद्यमनगरात बांधलेले झेनचे इंजिन : एका कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

माझ्याकडील, ट्रॅकवर चालवायच्या 1998 सालच्या मारुती झेनमध्ये मारुतीच्याच एस्टीम गाडीचे 1298 सीसी क्षमतेचे सोळा व्हॉल्वचे इंजिन नव्याने बांधून बसवण्याचे काम मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या इंजिन रिबिल्डिंग कार्यशाळेकडे सोपवले होते. बांधणी आणि बसवणी ही दोन्ही कामे त्यांनीच केली, परंतु दोन्हींचा दर्जा सारखा नव्हता. असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांना हा फरक आधीच ठाऊक असावा, म्हणून हे लिहीत आहे.

इंजिनाच्या निवडीबद्दल आधी थोडे सांगतो. झेनचे मूळ इंजिन 993 सीसीचे असून त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 61 मि.मी. आहे. एस्टीमच्या जी13बीबी इंजिनात हेच आकडे 74 आणि 75.5 असे आहेत. लांब स्ट्रोकमुळे त्याला इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही (आरपीएम) चांगली ओढ असते, कंपनीने एस्टीमसाठी त्याची ताकद 85 बीएचपी सांगितली होती, आणि दोन्ही इंजिने सुझुकीच्या एकाच जी मालिकेतील असल्यामुळे झेनचा गिअरबॉक्स कायम ठेवता येतो. पाऊण टनाच्या आसपास वजन असलेल्या गाडीला एवढे इंजिन पुरेसे आहे, त्यामुळे टर्बोचा विचार मी केला नाही.

कार्यशाळेची खरी गुणवत्ता मला मोजमापात दिसली. भंगारातून आणलेले इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय दोन आडव्या दिशांनी, अशा सहा ठिकाणी बोअर गेजने मोजला आणि चारही सिलिंडरांचे आकडे छापील तक्त्यावर लिहून माझ्या हाती दिले. झीज लक्षात घेऊन अर्ध्या मिलिमीटरने मोठे (ओव्हरसाइझ) पिस्टन ठरले, म्हणजे बोअर 74.5 मि.मी. आणि क्षमता सुमारे 1316 सीसी झाली. पिस्टन हातात आल्यावर प्रत्येकाचा व्यास मोजून त्या त्या सिलिंडरचे होनिंग (आतील भिंत घासून अचूक मापाला आणणे) त्या त्या पिस्टनच्या मापाने केले गेले. पिस्टन येण्याआधीच ठरावीक मापाला चारही बोअर उरकून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. येथे ती नव्हती.

होनिंगच्या वेळी ब्लॉकवर जाड पोलादी टॉर्क प्लेट बसवली होती आणि ती हेडच्या (सिलिंडरांवरील झाकणाच्या) बोल्टनीच, हेडसाठी लागणाऱ्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळली होती. हेड आवळल्यावर सिलिंडरच्या भिंती किंचित वाकड्या होतात. ही प्लेट लावून होनिंग केले तर हेड बसल्यानंतरही सिलिंडर गोल राहतो आणि रिंगा सर्व बाजूंनी टेकतात. साध्या घरगुती गाडीला एवढ्याची गरज नसेल, परंतु मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे सातत्याने चालणाऱ्या इंजिनात रिंग नीट टेकली नाही, तर कॉम्प्रेशन गळते आणि तेलही जळते. वरच्या रिंगच्या तोंडांमधील फट 0.30 मि.मी. ठेवली होती. बेअरिंगमधील तेलाची फट त्यांनी प्लास्टीगेजची (फटीचे माप दाखवणाऱ्या मऊ प्लास्टिकची) पट्टी दाबून माझ्यासमोर तपासली, आणि एका मेन बेअरिंगमध्ये ती ठरलेल्या मर्यादेच्या टोकाला आढळताच दुसऱ्या जाडीचे शेल (बेअरिंगचे अर्धगोल अस्तर) मागवले. त्यासाठी आठ दिवस थांबावे लागले, आणि ते थांबणे मला योग्यच वाटले.

हेडच्या कामातही हीच शिस्त दिसली. ज्वलनकक्षांचे आकारमान ब्युरेटने द्रव सोडून मोजले गेले आणि चारही कक्ष सारखे करण्यात आले. 10:1 कॉम्प्रेशनसाठी, म्हणजे मिश्रण दहाव्या हिश्श्यापर्यंत दाबले जाण्यासाठी, प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन वरच्या टोकाला असताना, गॅस्केटची जाडी धरून, 36.6 घनसेंटिमीटर जागा उरायला हवी. तेवढाच हेड घासला गेला. हेड घासल्यावर तो क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टवर चालणाऱ्या आणि व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमचे टायमिंग किंचित मागे पडते, ही गोष्ट मिस्त्रींनी मी न विचारता सांगितली आणि कॅमला फिरवून जुळवता येणारी पुली बसवली. पहिल्या तपासणीत चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन 185 ते 190 पीएसआयच्या दरम्यान आले. मला त्या दिवशी झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे.

बसवणीबाबत मात्र माझी तक्रार आहे. सहा आठवड्यांचे काम चौदा आठवडे चालले, आणि त्यातला मोठा वेळ वायरिंग हार्नेस (गाडीतील तारांचा जुडगा) जुळवण्यात गेला. गाडी सुरू झाल्यावर आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनाचे चालणे) सतत वरखाली होत होते. सेन्सर बदलण्यात दोन आठवडे गेल्यावर कळले की, इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची वायर रंग न खरवडता बसवली होती. त्यांनी चूक मान्य केली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. परंतु मोजमापाचा एवढा काटेकोर तक्ता ठेवणाऱ्या ठिकाणी विजेच्या जोडण्यांची साधी यादीही नसावी, याचे मला आश्चर्य वाटले. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही मी आग्रह धरल्यावरच बदलल्या गेल्या. जुने रबर खराब करणाऱ्या, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या काळात हे न सांगता व्हायला हवे होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. कार्यशाळेने हे पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. माझी झेन ट्रेलरवरून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाते. मारुती 800 च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी करणाऱ्या करिवर्धन यांचे नाव त्या ट्रॅकला आहे, आणि तेथे मारुतीचेच इंजिन घेऊन उतरताना मला विशेष समाधान वाटले. रिंगा बसाव्यात म्हणून पहिल्या दिवशी मी इंजिन मध्यम भारावर, फेऱ्या सतत बदलत चालवले. संध्याकाळी तेल काढून फिल्टर कापून पाहिला, तेव्हा सुरुवातीला अपेक्षित असते तेवढीच बारीक भुकटी दिसली. बेअरिंगच्या धातूचा एकही तुकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला, आणि वळणातून बाहेर पडताना जुन्या इंजिनाला जेथे दुसरा गिअर लागत असे तेथे गाडी तिसऱ्यातच जोमाने निघाली.

पुढच्या हंगामाआधी गिअरबॉक्स उघडून घ्यायचा आहे आणि ते काम मी याच मिस्त्रींकडे देणार आहे. वायरिंगसाठी मात्र स्वतंत्र ऑटो इलेक्ट्रिशियन शोधला आहे.