सीटीचा डोस उतरवताना: केव्ही कमी करायचा की एमए?

सेंटरवरचे सगळे सीटी प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली सेटिंग्ज) सरसकट 120 केव्हीवर चालत असतील आणि पेशंटला मिळणारा किरणांचा डोस खाली आणायचा असेल, तर दोन वाटा आहेत: केव्ही, म्हणजे एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज, कमी करायचा किंवा एमए, म्हणजे ट्यूबचा करंट. कोणती धरायची हे बघायला दोनच प्रश्न पुरतात: काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलं जाणारं आयोडीनचं औषध) देणार आहात का, आणि पेशंटचा घेर किती?

एमएचा हिशेब सरळ आहे. एमएएस (एमए गुणिले सेकंद) निम्मा केला की डोस निम्मा, नॉइज (चित्रातले दाणे) मात्र साधारण 40 टक्क्यांनी वाढतो. एचयू (चित्रातल्या उजळपणाचे आकडे) बदलत नाहीत, चित्र फक्त खरबरीत दिसतं. मुतखड्याच्या प्लेन स्कॅनला हीच वाट बरी, कारण खडा इतका उठून दिसतो की नॉइज खपून जातो. सीटीडीआय (मशीन दाखवतं तो डोसचा आकडा) 5 मिलिग्रे, लांबी 40 सेंमी, म्हणजे डीएलपी (दोन्हींचा गुणाकार) 200, पोटासाठीच्या 0.015 या गुणकाने गुणलं की शरीराला मिळणारा डोस 3 मिलिसिव्हर्ट. 3 मिमीच्या आतला खडा कधी सुटतो, आणि बीएमआय 30 च्या पुढे हा प्रोटोकॉल लावू नये.

केव्हीचं गणित वेगळं. एमएएस तोच ठेवून 120 वरून 100 वर आलात तर डोस साधारण 35 ते 40 टक्के उतरतो. शिवाय आयोडीनची के-एज (जिथून ते किरण एकदम जास्त शोषायला लागतं ती ऊर्जा) 33 केईव्हीला आहे, म्हणजे बरीच खाली, त्यामुळे कमी केव्हीवर काँट्रास्ट जास्त उजळतो आणि वाढलेला नॉइज बोचत नाही. सडपातळ माणसाची पल्मनरी अँजिओ (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा काँट्रास्ट स्कॅन) अजूनही 120 वर करणं म्हणजे निव्वळ सवय. जाड पेशंटला मात्र हे जमत नाही: किरण आरपार जात नाहीत, ट्यूबचा एमए कमाल मर्यादेला टेकतो, खांद्यांत आणि कंबरेत रेघोट्या उमटतात. कॅल्शियम स्कोअरही (हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) 120 वरच ठेवा. त्याचा 130 एचयूचा उंबरठा त्याच केव्हीसाठी आहे.

फसगत होते ती ऑटो एमएमध्ये, म्हणजे पेशंटच्या जाडीनुसार मशीन स्वतःच एमए ठरवतं तेव्हा. जीई कंपनीच्या मशीनवर नॉइज इंडेक्स (चित्रात किती नॉइज चालेल तो आकडा) तोच ठेवून केव्ही उतरवला, तर मशीन नॉइज सावरायला एमए चढवतं आणि बचत बरीचशी तिथेच जिरते. केव्हीसोबत इंडेक्सही थोडा वाढवावा लागतो. सीमेन्सच्या मशीनवर इंडेक्स नसतो, क्वालिटी रेफरन्स एमएएस (सरासरी बांध्याच्या पेशंटसाठीचा एमएएस) असतो. तिथे डोस उतरवायला आकडा कमी करायचा. एका मशीनवरून दुसऱ्यावर गेलेला टेक्निशियन नेमका इथेच उलटा हात मारतो. इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनचंही (नॉइज कमी करून चित्र उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) तसंच: नुसतं चालू केल्याने चित्र गुळगुळीत होतं, डोस तसूभर हलत नाही. एमए आपणच उतरवायचा.

दोन्ही वाटांवर पाणी फिरवते ती टेबलाची उंची. स्काउट (स्कॅनआधीचं सपाट चित्र, ज्यावरून मशीन एमए ठरवतं) घेताना ट्यूब वर असेल आणि पेशंट मशीनच्या गोलाच्या मध्यापेक्षा वर असेल, तर सावली मोठी पडते. मशीन त्याला जाड समजून एमए वाढवतं. बाजूच्या लेझरची आडवी रेघ बगलेच्या मध्यरेषेवर आणूनच स्काउट घ्या. स्काउटनंतर टेबलाची उंची बदलली, तर स्काउट पुन्हा घ्यावा.