व्हॉट्सअ‍ॅपची प्रायव्हसी सेटिंग्ज: अंतर मिळतं, पण अर्धवट

सेटिंग्ज, प्रायव्हसी, मग ‘लास्ट सीन अँड ऑनलाइन’. इथे ‘नोबडी’ आणि खाली ‘सेम अ‍ॅज लास्ट सीन’ निवडलं की तुम्ही कधी आलात-गेलात हे कुणाला दिसत नाही. तुम्हालाही इतरांचं दिसत नाही. सौदा रास्त आहे. रीड रिसीट्स बंद केल्या तरी ग्रुपमध्ये निळ्या टिक्स दिसतातच, आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याचंही कळतं. सगळ्यात कच्चा भाग ग्रुपचा, म्हणजे तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे ठरवणाऱ्या सेटिंगचा. तिथे ‘नोबडी’ नाहीच! म्हणून ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’मध्ये सगळ्यांवर टिक करावी लागते, आणि नंतर सेव्ह केलेला नंबर त्यातून सुटतो. ‘टायपिंग…’ लपवायची सोय नाही. उत्तर लिहून-खोडत बसायचं असेल तर नोट्समध्ये लिहा, मग पेस्ट करा.