दादाचा डावा पाय: दहा महिन्यांनंतर

उसाला पाणी द्यायला गेलेल्या दादाला तुटून पडलेल्या ११ केव्हीच्या तारेचा शॉक बसला, त्याला दहा महिने झाले. आज तो काठीशिवाय बांधापर्यंत जाऊन येतो. दोन बोटं गेली, पाय राहिला.

तळपायाला रुपयाएवढी काळी जखम होती. पहिल्या दवाखान्यात मलमपट्टी करून 'उद्या दाखवा' म्हणाले. वरून कातडी शाबूत असली तरी वीज हाडालगतचं मांस भाजत जाते, हे आम्हाला कुठे ठाऊक! संध्याकाळी पोटरी दगडासारखी टणक आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा मोठ्या शहरातल्या बर्न्स वॉर्डला धावलो.

तिथे त्याच रात्री पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन आतला दाब मोकळा केला. मेलेल्या स्नायूंतलं द्रव्य किडनीत साचू नये म्हणून सलाइन जोरात सुरू होतं. तासाला ७५ ते १०० मिली लघवी झालीच पाहिजे, म्हणून सिस्टर रात्रभर मोजून लिहीत होत्या. पुढे दर दोन दिवसांनी ऑपरेशन, मेलेलं मांस काढायचं. घोट्याचं हाड उघडं पडलं, तेव्हा मांडीचं मांस रक्तवाहिनीसकट उचलून मायक्रोस्कोपखाली तिथे जोडलं. त्या रात्री सिस्टर तासातासाला रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं पेनासारखं डॉपलर यंत्र तिथे टेकवायच्या. 'सूं-सूं' ऐकू आलं की त्या मान हलवायच्या, मग माझा श्वास सुटायचा.

प्लास्टिक सर्जन, हाडांचे डॉक्टर, फिजिओ आणि आहारतज्ज्ञ एकाच राउंडला यायचे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पाऊल खाली लोंबू नये म्हणून फिजिओ मॅडमनी पहिल्या आठवड्यातच स्प्लिंट लावला. दादा माळकरी, अंडं खाणार नाही. आहारतज्ज्ञ मॅडमनी कुरकुर न करता दूध पावडर, सोयाबीन आणि शेंगदाण्याच्या चटणीवर प्रोटीनचा हिशेब बसवून दिला.

घरी आल्यावरचं खरं काम प्रेशर स्टॉकिंगचं, म्हणजे व्रण दाबून ठेवणाऱ्या घट्ट मोज्याचं. २३ तास घालायचं, अंघोळीपुरतं काढायचं. उन्हाळ्यात खाज असह्य होते. खोबरेल चोळून भागवतो. तीन महिन्यांत इलास्टिक सैल पडतं, पुन्हा माप देऊन नवं शिवावं लागतं. हा खर्च आमच्या पदरचा गेला आणि आधी कुणी सांगितलंही नव्हतं, ही माझी तक्रार आहे. पण एकदा पंधरा दिवस टाळाटाळ केली, तर व्रण लगेच जाड आणि लाल झाले.

जोडलेल्या मांसाला स्पर्श कळत नाही. म्हणून रोज रात्री वहिनी आरसा धरून घोटा बघते, पाण्यात आधी स्वतःचा हात घालते. पुढच्या महिन्यात डोळे दाखवायचे आहेत. शॉकनंतर कित्येक महिन्यांनीही मोतीबिंदू होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.