राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड, आणि सेटअप कुणी करायचा?

बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवरून नख लांबीच्या दिशेने ओढून बघा. ‘झर्र’ आवाज आला तर ती राउंडवाउंड. नख नुसतंच घसरत गेलं तर फ्लॅटवाउंड. तारांच्या पाकिटांवर कितीही विशेषणं छापलेली असोत, निवडीचा मोठा भाग या झर्रपाशीच ठरतो.

दोन्हींच्या पोटात पोलादाचा गाभा असतो, फरक आहे तो वरच्या वेढ्यांमध्ये. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली, त्यामुळे दर दोन वेढ्यांमध्ये बारीकशी खाच उरते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी, तिथे खाच नाहीच. गोल वेढ्यांची तार मोकळी थरथरते, म्हणून तिच्यात खणखणीतपणा जास्त आणि नाद रेंगाळतो. पण त्याच खाचांमध्ये घाम आणि कातडीचा मळ जाऊन बसतो, आणि काही आठवड्यांत ती चमक उतरते. फ्लॅटला मळ साठायला जागाच कमी. ती पहिल्या दिवशीही फार चमकत नाही आणि वर्षभरानेही फारशी मावळत नाही.

१९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हा त्यावर फ्लॅट ताराच असत. राउंडवाउंडचा जोर वाढला तो १९६०च्या दशकात, ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल आणि तारा बनवणारी रोटोसाउंड कंपनी यांच्यामुळे. बेसने मागे उभं राहून नुसता खर्ज धरण्यापेक्षा पुढे यावं, पियानोसारखं वाजावं, अशी ज्याची इच्छा आहे त्याने राउंडवाउंड घ्यावी. अंगठ्याने ठोकून स्लॅप वाजवायचं असेल तर दुसरा विचारच नको. फ्लॅटवर स्लॅप वाजतं, पण ठोक्याची धार बोथट होते.

फ्लॅटची बाजू मांडायला मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या बेसवादक जेम्स जेमरसनचं एक नाव पुरे. जाड फ्लॅट तारा, उंच ॲक्शन (म्हणजे बोटं दाबायच्या फळीपासून तारा बऱ्याच वर), आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही, अशी त्याची ख्याती. तो आवाज सुरुवातीला ‘ठम्’ म्हणतो आणि लगेच बाजूला होतो, गाणाऱ्याला आणि ड्रमला जागा देतो. घरात एकट्याने वाजवताना फ्लॅट निरस वाटतात. बँडमध्ये गेल्यावर मात्र तोच आवाज बरोबर जागेवर बसतो. म्हणून दुकानात पाच मिनिटं वाजवून फ्लॅट नापास करू नका. आणि ‘फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांच्या तारा’ असं कुणी म्हणालं तर त्याला आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या स्टीव्ह हॅरिसचा बेस ऐकवा. तो फ्लॅटवरच वाजवतो.

फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट या आडव्या धातूच्या पट्ट्या नसलेला बेस असेल तर हिशोब थोडा वेगळा. राउंडवाउंड तार कानशीसारखी लाकूड खाते. जॅझ बेसवादक जॅको पॅस्टोरियसने राउंडवाउंडच वापरल्या, पण फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या फळीवर, इपॉक्सी या कडक राळेचा थर चढवून. तो थर नसेल तर फ्लॅट किंवा नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा बऱ्या. टेपवाउंडचा गाभा धातूचाच असल्याने साध्या चुंबकीय पिकअपवर (तारेची थरथर पकडणाऱ्या भागावर) त्या व्यवस्थित चालतात. आवाज मऊ, उभ्या डबल बेसच्या जवळ जाणारा.

हाफवाउंड नावाचाही प्रकार आहे. राउंडवाउंड तार वरून घासून गुळगुळीत केलेली. माझं मत विचाराल तर दोन्हीकडचं थोडं मिळतं आणि दोन्हीकडचं अपुरं राहतं. बोटांची खरखर नको पण चमक मात्र हवी, असं ज्याचं पक्कं ठरलंय त्याच्यासाठी ठीक.

धातूचं थोडक्यात सांगतो. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद ही मधली वाट, आणि ठरवता येत नसेल तर तीच धरा. स्टेनलेस स्टील जास्त झणझणीत, बोटांना खरबरीत, आणि फ्रेट लवकर झिजवणारं. शुद्ध निकेल मवाळ. हाताला फार घाम येत असेल तर पातळ आवरण दिलेल्या कोटेड तारा महाग असूनही परवडतात, कारण टिकतात. त्यांचा बुळबुळीत स्पर्श काहींना अजिबात खपत नाही, मी त्यांतलाच.

जाडी बघा, पण ताण आधी

चार तारांचा सर्वसाधारण संच ४५-६५-८५-१०५. हे आकडे इंचाचे हजारावे भाग. त्याहून हलका ४०-६०-८०-१००. पाच-पाच हजारांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. बारीक तार ४५ची ४० केली की तिच्यावरचा ताण जवळजवळ पाचवा हिस्सा उतरतो. हाताला हे पहिल्याच सुराला कळतं.

स्केलचं, म्हणजे तारेच्या थरथरणाऱ्या लांबीचंही तसंच. ३४ इंची बेसवरचा संच ३० इंची छोट्या बेसवर त्याच सुराला लावला तर ताण बावीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणून लहान स्केलवर लोक जरा जाड संच घेतात. सगळ्यात जाड ई तार कायम डी सुराला उतरवून वाजवणाऱ्यांनीही हेच करावं, त्या एका पायरीत ताण वीसेक टक्के पडतो आणि तार लोंबायला लागते.

मात्र वेगळ्या जातीच्या तारांची तुलना जाडीवरून करू नका. नायलॉन हलकं, त्यामुळे टेपवाउंड दिसायला दोरखंडासारखी असली तरी हाताला सैल लागू शकते. फ्लॅट सहसा ताठ, पण थोमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट हाताला चांगल्याच मऊ लागतात. बरेच उत्पादक प्रत्येक तारेचा ताण किलोत किंवा पाउंडात छापतात. सध्याचा संच आणि नवा संच यांचे ते आकडे शेजारी शेजारी ठेवा. चारही तारांची बेरीज दोन-तीन किलोनेच हलत असेल तर बेसला पत्ताही लागणार नाही. दहा किलोने हलत असेल तर सेटअप, म्हणजे बेसची सगळी मापं नव्याने जुळवणं, करावाच लागणार.

लांबीही तपासा. तारेच्या टोकाच्या गोळीपासून नटपर्यंतचं (दांड्याच्या टोकाशी तारा बसवायच्या खाचांची पट्टी) अंतर मोजून घ्या. छोट्या बेसवर लांब स्केलचा संच चढवला तर जाड तारेचा भरीव भाग खुंटीवर वळतो आणि तिथेच मोडतो. तारा बेसच्या अंगातून पाठीमागून ओवायच्या असतील तर फ्लॅट घेताना विशेष जपा, काही फ्लॅट तारांना तो काटकोन सोसत नाही.

तारा बदलल्या की सेटअप का बिघडतो

चार तारा मिळून नेकला, म्हणजे बेसच्या दांड्याला, साधारण सत्तर-ऐंशी किलोने ओढत असतात. नेकच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई उलट बाजूने तोलून धरते. ओढ बदलली की नेकचा बाक बदलतो, बाक बदलला की तारांची उंची बदलते, उंची बदलली की सुरांचं गणित.

मी हे पुस्तकी ज्ञान असूनही फसलो. ४०-१००चा राउंडवाउंड संच काढून जाड फ्लॅट चढवल्या. दुसऱ्या दिवशी सातव्या फ्रेटपाशी तारा बोटभर वर आल्यासारख्या वाटल्या. मी सॅडल, म्हणजे तारेला खालच्या टोकाशी टेकू देणारी ठोकळी, खाली घेतली. मग बाराव्याच्या पुढे प्रत्येक सूर फ्रेटला घासून खरखरायला लागला. पुन्हा वर, पुन्हा खाली. आठवड्याभराने तारांना शिव्या घालत त्या काढून गुंडाळून ठेवल्या. ट्रस रॉडला मी हातही लावला नव्हता.

खरखर कुठे होते ते ऐकलं तर दोष कुठे आहे ते समजतं. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबलेली नाही, तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच खरखर असेल तर नेक फार सरळ झालीय. वरच्या फ्रेटवर किंवा सगळीकडेच असेल तर तारा फार खाली आहेत. एकाच जागी असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचलला गेलाय.

क्रमही ठरलेला आहे: आधी तारा लावून सुरात आणायच्या, मग नेकचा बाक, मग उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं), शेवटी पिकअप. बाक मोजायला ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तार दाबून धरणाऱ्या चिमट्याने) धरा, शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघा. फेंडरच्या मापांनुसार फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे ०.०१० ते ०.०१४ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरच्या किंचित वर. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) नसेल तर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरावं इतकी. ट्रस रॉड एका वेळी आठवा हिस्सा फिरवायची, पुन्हा सुरात आणायचं, मोजायचं. जोर लावावा लागला तर तिथेच थांबायचं. उंचीसाठी सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि सगळ्यात बारीक जी तारेखाली २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात. जोरात वाजवणाऱ्याने त्याहून थोडी वर ठेवावी. कॅटलॉगातली सगळ्यात खालची ॲक्शन त्याच्या हाताला कधीच मानवणार नाही.

इंटोनेशन नव्या तारांवरच लावा, मेलेल्या तारांवर ते जुळत नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून दूर, उतरलेला असेल तर पुढे. त्याआधी नट आणि सॅडल यांच्या लगेच पुढे तार बोटाने हलकेच दाबून बसवा. जाड तार तिथे कमानीसारखी वळून येते आणि माप खोटं दाखवते. या दहा सेकंदांच्या कामाने अनेकांचं ‘इंटोनेशन जुळत नाही’ हे दुखणं जातं.

स्वतः की कारागीर

माझी सीमारेषा सोपी आहे. जे उलट फिरवून पूर्ववत करता येतं ते स्वतः करावं, ज्याचा भुसा खाली पडतो ते कारागिराकडे न्यावं. बाक, उंची, इंटोनेशन, पिकअप यांना लागतात ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, बारीक पट्टी आणि ट्यूनर. चुकलं तर पुन्हा फिरवा. पहिल्यांदा अख्खी दुपार जाते, तिसऱ्यांदा अर्धा तास. ऋतू बदलला की लाकूड हलतं आणि बाक पुन्हा बघावा लागतो, दर वेळी त्यासाठी बेस कुणाकडे उचलून न्यायचा? इथे स्वतः शिकणं सरळ जिंकतं.

नटच्या खाचा आणि फ्रेट घासणं यांत मात्र कारागीर जिंकतो. राउंडवाउंडसाठी कापलेल्या खाचेत जाड फ्लॅट घट्ट बसते, सुरात आणताना ‘टक्’ करून उडी मारते. तिथे घरची कानस चालवली आणि एक घाव जास्त झाला की नवा नट. बेस पहिलाच असेल तर एकदा पूर्ण सेटअप कारागिराकडूनच करून घ्या आणि परत आल्यावर वरची दोन मापं लिहून ठेवा. पुढे तुमच्यासाठी तीच प्रमाण.

नेताना कायम वापरायच्या तारा सोबत न्या, कोणत्या सुरात वाजवता ते सांगा, आणि त्याच्यासमोर नेहमीच्या जोराने वाजवून दाखवा. काहीही न विचारता बेस ठेवून घेणाऱ्याकडून मी बेस परत उचलतो.

राहिली तारा कापायची गोष्ट. खुंटीच्या पुढे साधारण दोन खुंट्यांच्या अंतराइतकी तार सोडा, आधी काटकोनात मोडा आणि मोडल्यावरच कापा. सरळ कापली तर वेढे गाभ्यावर सैल होऊन तार जन्मतःच मेलेली निघते. माझ्या त्या फ्लॅटमधली ए तार मी आखूड कापली होती. चार महिन्यांनी तो संच पुन्हा चढवला, ट्रस रॉड पाव फेरा फिरवली आणि सॅडल होती तिथेच राहिली. ए तारेला खुंटीवर जेमतेम एकच वेढा बसलाय, पण तारा अजून त्याच आहेत.