पटावरचा पंचनामा: रेमंड स्मलियन यांचं ‘द चेस मिस्टरीज ऑफ शेरलॉक होम्स’

बुद्धिबळ स्पर्धेत घडणाऱ्या किशोरांच्या रहस्यकथा बहुतेक एकाच वळणाने जातात. मोठा हॉल, घड्याळांची टिकटिक, एखादी चोरी किंवा खून, आणि शेवटच्या प्रकरणात पोरसवदा गुप्तहेर पटाकडे बोट दाखवून गुन्हेगाराचं नाव सांगतो. मधल्या दोनशे पानांत पट नुसता शोभेला. त्याजागी कॅरमची स्पर्धा घातली तरी कथानकाचं काही अडत नाही. त्यातून मुखपृष्ठावर पट आडवा मांडलेला असला, म्हणजे खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर आलेलं असलं, की खेळणारं पोर पुस्तक उघडायच्या आधीच हसतं.

गुन्हाही पटावर आणि पुरावाही पटावरच हवा असेल, तर स्मलियन यांच्या या पुस्तकाला तोड नाही. १९७९ साली नॉफने ते काढलं, नंतर डोव्हरने कागदी बांधणीत पुन्हा छापलं. रूढ अर्थाने ही कादंबरी नव्हे. वॉटसनच्या तोंडून सांगितलेल्या गोष्टीत ओवलेली पन्नास कोडी आहेत. स्मलियन (१९१९–२०१७) तर्कशास्त्रज्ञ आणि जादूगारही. दोन्ही कसब इथे एकत्र आलंय.

नेहमीच्या कोड्यात ‘पांढऱ्याने दोन खेळींत मात करावी’ असं विचारतात, म्हणजे नजर पुढे. इथे होम्सला पुढचं काहीच नको असतं. डाव इथपर्यंत आला कसा? काळ्याची शेवटची खेळी कोणती? किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र खेळी, दोघांपैकी कुणीही आधी हललेलं नसेल तरच) अजून करता येतो का? पटावरचा हा उंट मूळचा, की शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याला बढती मिळून झालेला? चाल चांगली की वाईट याला इथे किंमत नाही. खेळाडू कितीही गाढवपणाने खेळले असतील असं धरायचं. अट एवढीच, की प्रत्येक खेळी नियमात बसली पाहिजे. सराईत खेळाडू सगळ्यात आधी इथे अडखळतो. ‘असं कोण खेळेल?’ हा त्याचा आक्षेप या न्यायालयात टिकत नाही.

पुस्तकातली कोडी फोडणं बरं नव्हे, म्हणून या पद्धतीची चव वेगळ्या उदाहरणांनी पाहू. पांढऱ्याची आठही प्यादी दुसऱ्या ओळीत जागच्या जागी आहेत आणि पांढरा हत्ती डी४ वर (पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून चौथी उभी ओळ, खालून चौथं घर) उभा आहे. अशी स्थिती खऱ्या डावात येणं अशक्य, कारण त्या भिंतीवरून उडी मारून फक्त घोडाच बाहेर पडतो.

आता थोडं अवघड. पांढऱ्याचं एक प्यादं डी२ वर, दुसरं डी३ वर, आणि ई या उभ्या ओळीतलं प्यादं पटावर नाही. काळ्याची आठही प्यादी शाबूत, फक्त काळ्या घरांतून फिरणारा उंट गायब, बाकी सगळे मोहरे हजर. वरवर पाहता यात काही खटकत नाही. पण डी२ वरचं प्यादं मूळचंच, कारण दुसऱ्या ओळीत प्यादं मागे येऊ शकत नाही. मग डी३ वरचं प्यादं शेजारच्या उभ्या ओळीतून मारामारी करूनच आलेलं असणार, आणि ती मारामारी डी३ वरच झाली असणार. डी३ हे पांढरं घर. काळ्याचा गेलेला मोहरा एकच, आणि तो तर पांढऱ्या घरात कधी पाऊलच टाकत नाही. म्हणजे ही मांडणी बनावट. त्याऐवजी काळ्याचं एक प्यादं कमी असतं तर शंकेला जागा उरली असती: त्या प्याद्याला बढती मिळून नवा मोहरा झाला असेल आणि डी३ वर भलताच कुणी मेला असेल. बढतीची ही पळवाट विसरणं हीच या प्रकारातली सर्वांत मोठी चूक. उत्तर ‘जवळजवळ’ सापडतं आणि होम्स शांतपणे विचारतो, सगळी प्यादी मोजलीत का?

एकरंगी कोडी ही या पुस्तकाची खरी मेजवानी. अट अशी, की डावात कुठलाही मोहरा पांढऱ्या घरातून काळ्या घरात किंवा उलट गेलेला नाही. एकदा अट नीट पचली की नियम आपोआप बदलतात. घोडा प्रत्येक उडीत रंग बदलतो, म्हणून चारही घोडे जन्मभर जागेवर. मेले तर जागेवरच. प्यादं एक घर पुढे सरकलं की रंग बदलतो, म्हणून त्याला दोनच वाटा: पहिली दोन घरांची चाल, नाहीतर तिरकं मारणं. आणि गंमत पाहा, राजाच्या बाजूचा किल्लेकोट चालतो, कारण राजा ई१ वरून जी१ वर आणि हत्ती एच१ वरून एफ१ वर, दोघांचेही रंग तेच राहतात. वजिराच्या बाजूचा मात्र चालत नाही. हत्ती ए१ या काळ्या घरातून डी१ या पांढऱ्या घरात जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर हे एक कोडं ठेवलं तर तास कसा गेला कळत नाही.

सोडवायची पद्धत. खरा पट मांडा, पानावरच्या आकृतीवर डोळे शिणवू नका. आधी दोन्ही रंगांचे मोहरे मोजून कागदावर ‘कोण मेलं’ ही यादी करा. मग कोणत्या प्याद्याला आपली उभी ओळ सोडावी लागली ते पाहा. ओळ सोडताना ओलांडलेल्या प्रत्येक ओळीमागे एक मारामारी, आणि त्यांची बेरीज मेलेल्यांपेक्षा जास्त भरली तर कुठेतरी घोटाळा आहे. त्यानंतर राजाला शह आहे का, असेल तर तो शह देणारा मोहरा कुठून आला, हे पाहायचं. चाल कुणाची आहे ते गृहीत धरू नका, आणि पांढरा खालच्या बाजूलाच आहे हेही नाही. वर-खाली कोण, हाच काही कोड्यांचा प्रश्न असतो.

मोबाइलवरचं बुद्धिबळाचं इंजिन इथे निरुपयोगी. ते फक्त भविष्य मोजतं. शिवाय इंजिनला स्थिती देताना चाल कुणाची, किल्लेकोटाचे हक्क कुणाकडे, एन पासां (नुकतंच दोन घरं सरकून शेजारी आलेलं प्यादं लगेचच्या खेळीत तिरकं मारणं) शक्य आहे का, हे आपणच भरून द्यावं लागतं. नेमकं तेच तर शोधायचं असतं! कोडं रचणाऱ्यांच्या जगात यासाठी ठरलेला संकेतही आहे: किल्लेकोट अशक्य असल्याचं सिद्ध होत नाही तोवर तो चालतो, एन पासां मात्र शेवटची खेळी प्याद्याची ती दोन घरांचीच होती हे सिद्ध झालं तरच चालतं.

घरी आजोबांकडून देशी बुद्धिबळ शिकलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. त्या नियमांनी ही कोडी सोडवायला बसलात तर सगळी उत्तरं चुकतील.

हे वाचून रेटिंग वाढेल का? नाही. ओपनिंग नाही, डावाची अखेर नाही. तरी स्पर्धा खेळणाऱ्या मुलांना एका बाबतीत थेट उपयोग होतो. तीनदा तीच स्थिती आली म्हणून बरोबरीचा दावा करताना मोहरे तिथेच असणं पुरत नाही. चालही त्याच बाजूची हवी, आणि किल्लेकोट व एन पासांचे हक्कही तेच हवेत. हक्क मधेच गेलेले असले तर स्थिती वेगळी ठरते, पंच दावा फेटाळतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढतात. ‘पटामागचा इतिहास’ ही कल्पना ज्याच्या डोक्यात पक्की बसली आहे, तो ही चूक सहसा करत नाही.

खोट काढायची तर गोष्टीत आहे. पहिला भाग छोट्या छोट्या प्रसंगांचा, चटपटीत. दुसऱ्या भागात कथानक लांबतं आणि कोडीही जड होतात. तिथे गोष्ट रेंगाळते, माणसं कागदी वाटतात. वॉटसनला सोयीपुरतं मंद केलंय, आणि कधीकधी होम्सचा विजय फारच लवकर जाहीर होतो. इंग्रजी जुन्या वळणाचं, पण वाक्यं सोपी. दहावीच्या मुलाला शब्दकोश क्वचितच लागेल. त्याहून लहान मुलांसोबत मोठ्यांनी बसावं, आणि पहिल्या भागातली सुरुवातीची कोडी सोडून पुढे उडी मारू देऊ नये, कारण पुढची युक्ती मागच्या युक्तीवर उभी असते.

बऱ्याच कोड्यांचं उत्तर संवादातच, आकृतीच्या लगेच खाली येतं. वाचताना जाड पुठ्ठ्याचा तुकडा जवळ ठेवा आणि आकृतीखालचा मजकूर झाका.